ब्रुनाच्या हातातली कोंबडी

तुलूझकडच्या डोंगरातल्या आमच्या पेइरामालमध्ये कुणाच्या घरी कोंबडी शिजायची असली, की ती आधी साउरीनाच्या दारात यायची. आता कोंबडीची मान मुरगळायला काही मोठी विद्या लागते असं नाही. पण आमच्या बायकांना कोंबडी खायला हवी असायची आणि मारायला नको असायची. भल्या लोकांनी, म्हणजे चर्चला न मानणाऱ्या आमच्या पंथाच्या उपदेशकांनी, सांगून ठेवलं होतं ना, की मेलेल्याचा जीव उघड्यावर पडतो आणि घाबरून सापडेल त्या कुडीत शिरतो, माणसाच्या नाहीतर जनावराच्या. म्हणजे खुराड्यात बसलेली ती तांबडी कोण असेल, काय सांगावं? परवा गेलेली तुमची आत्याबाईसुद्धा असेल. आत्याबाईचा रस्सा ओरपायला कुणाची ना नव्हती, पण तिची मान आपल्या हातानं कोण पिरगळणार?

"द्या इकडे तुमची आत्या," साउरीना म्हणायची, आणि दारात उभ्या उभ्याच काम उरकायची. मनगटं जाड, बोटं आखूड, आणि हात असा सफाईदार की कोंबडीला कळायच्या आत झालेलं असायचं. मजुरी म्हणून मान, पाय आणि पेटा तिचा. गावानं आपल्या पापाची मोरी तिच्या अंगणातून काढली होती, आणि वर पाठीमागं बोलायचे, काय बाई दगडाच्या काळजाची आहे. आजही सांगताना माझं डोकं फिरतं. स्वतः ताट चाटूनपुसून साफ करणाऱ्यांनी तरी बोलू नये.

तिला मात्र त्याचं काही नव्हतं. जीव कुठून येतो नि कुठं जातो ह्या भानगडीत ती पडायचीच नाही. रविवारी चर्चमध्ये जाऊन ती पाद्र्याच्या तोंडावर जांभया द्यायची, आणि भले लोक लपूनछपून गावात उपदेशाला आले, की तिथंही भिंतीला टेकून जांभया द्यायची. "मला दोन्हीकडं सारखीच झोप येते," असं तोंडावर सांगायची. तिचा विश्वास होता तो एकाच माणसावर, थोरल्या बहिणीवर.

ब्रुनानंच तिला वाढवलं. साउरीना रांगत होती तेव्हा छातीवर क्रूस शिवलेलं उत्तरेकडचं लष्कर खालच्या खोऱ्यातून गेलं. देवाचं काम करायला आले होते म्हणे. देवाचं काम म्हणजे द्राक्षाचे मळे मुळापासून तोडणं, आणि पाणचक्कीत लपलेली माणसं चक्कीसकट जाळणं. त्यात ह्या दोघींचे आईबाप गेले. ब्रुनानं धाकटीला पाठीशी बांधलं आणि डोंगर चढून मामाच्या गावी, म्हणजे आमच्याकडं आली. लोकांचं सूत कातलं, माग चालवला, स्वतः अर्धपोटी राहून हिला पोटभर घातलं. लग्न केलं तेही धाकटीला पदरात घेऊनच. नवरा इझार्न बरा माणूस होता. पुढं तसलंच एक लष्कर आलं तेव्हा किल्ल्याच्या तटावर दगड लागून गेला. मूलबाळ नव्हतं. मग ब्रुना वरच्या डोंगरात, गुहेतल्या भल्या बायकांजवळ जाऊन राहिली, आणि बऱ्याच महिन्यांनी परतली ती स्वतः भली बाई होऊनच.

भली बाई होणं म्हणजे आमच्यासारखं नुसतं मानणं नव्हे. आम्हा मानणाऱ्यांना सगळं चालतं, शेवटच्या आजारात डोक्यावर भल्या माणसाचा हात पडला की झालं. पण ज्यांनी तो हात धडधाकट असताना घेतला त्यांचं जगणं म्हणजे सुळावरची पोळी. मांस नाही, अंडं नाही, दूध नाही, चीज नाही. कसलाही जीव मारायचा नाही. शपथ घ्यायची नाही. आणि खोटं बोलायचं नाही, अगदी स्वतःचा जीव वाचवायलासुद्धा. एकदा घसरलं की सगळं केलेलं पाण्यात, परत त्या जन्माच्या फेऱ्यात.

घरात तेव्हापासून दोन भांडी झाली. एकात ब्रुनाचा कोबी नि अक्रोडाचं तेल, दुसऱ्यात साउरीनाची डुकराची चरबी.

"माझ्या भांड्यात तुझा चमचा घालू नकोस," ब्रुना म्हणायची.

"चमच्याला काय धाड भरलीय? चाटून स्वच्छ केलाय."

"म्हणूनच म्हणते."

"अगं ताई, जरा चरबीचा थेंब गेला पोटात तर देव काय वाकून बघणार आहे?"

"देव नाही बघणार. मी बघेन ना." असं म्हणून ती मागावर बसायची. साउरीना मग मुद्दाम सॉसेज चर्रचर्र आवाज करत तळायची.

दोघींची ही अशी जुंपलेली असायची, पण बाहेरच्या कुणी ब्रुनाविरुद्ध चकार शब्द काढला तर साउरीना त्याची पिसं काढायची. आणि ब्रुनाच्या तोंडाचा त्रास होताच गावाला. शेजारच्या फाब्रिसानं एकदा नवं डोक्याचं फडकं बांधून हौसेनं विचारलं, कसं दिसतं? "तुझं नाक जास्तच मोठं दिसतं त्यात," ब्रुना म्हणाली. बिचारीला वाईट वाटलं होतं सांगताना, पण विचारल्यावर सांगणार तरी काय? फाब्रिसा महिनाभर बोलली नाही. तेव्हापासून सगळ्या गावाला आपोआप एक वळण लागलं. ब्रुनाला काही विचारायचं नाही. तिच्याशी बोलायचं ते पावसाबद्दल, सुताबद्दल, गुडघेदुखीबद्दल. रात्री कोण आलं होतं, ही भाकरी कुणासाठी चाललीय, हे तिच्यासमोर तोंडातून काढायचं नाही. आमचा पाद्रीसुद्धा हे पाळायचा. त्याला सगळं ठाऊक होतं, आणि रस्त्यात ब्रुना दिसली की तो बिचारा लांबूनच आभाळाकडं बघत निघून जायचा. एका बाईला खोटं बोलावं लागू नये म्हणून अख्खं गाव तोंड मिटून वागत होतं, आणि ते बरीच वर्षं चाललं.

मग तुलूझहून चौकशीवाला आला, पाखंडी हुडकून काढायला चर्चनं नेमलेला.

चेस्टनट गोळा करून झाले होते, डोंगरावर पहिलं बर्फ दिसत होतं. पांढऱ्या झग्यावर काळा डगला, अंगानं किरकोळ, बोलायला गोड. सोबत एक लिहिणारा आणि सरकारी शिपाई. ओरडणं नाही, धमकी नाही. पाद्र्याच्या घरी उतरला आणि दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये सांगितलं, की गावात पाखंडी बाया आहेत असं कानावर आलंय, ज्यांची नावं आलीत त्यांनी रविवारी चर्चच्या अंगणात यावं आणि सगळ्यांसमोर एक एक कोंबडी मारावी. त्याला नेमकं माहीत होतं. मानणारी बाई रडेल, कुरकुरेल, पण मारेल. भली बाई मारणार नाही. नावांत फाब्रिसा होती, आणखी दोघीतिघी होत्या, आणि ब्रुना होती.

साउरीनानं घरी येऊन दार लावलं. "ऊठ. आपण पलीकडं जाऊ. खिंड अजून बंद झाली नाही."

"ह्या गुडघ्यांनी? खिंडीच्या अर्ध्यात मी बसेन, आणि मग तूही बसशील." ब्रुना माग थांबवत नव्हती.

"मग मार एक कोंबडी. एक. मी जन्मभर मारतेय, मला काय झालंय?"

"तुला काही झालं नाही, कारण तू कुणाला शब्द दिला नाहीस."

"कोंबडीसाठी मरणार तू?"

"कोंबडीसाठी नाही गं." तिनं धोटा बाजूला ठेवला. "मला भीती वाटते, साउरीना. आई जळाली तेव्हाचा वास माझ्या नाकातून अजून गेला नाही. पण मी मारायला लागले तर मग मी कोण उरले?"

साउरीना तिच्या पायाशी बसली आणि हमसून रडली. आम्ही तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. हे फाब्रिसानं भिंतीपलीकडून ऐकलेलं. रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "बरं, मारू नकोस. पण मी हातात दिली तर धरशील ना?"

"धरेन. धरायला काय झालं? मग सोडून देईन तिला."

"दे सोडून. धर फक्त."

चौकशीवाल्यानं कोंबड्या आणायचं काम साउरीनावरच सोपवलं होतं. गावात दुसरं कोण करणार ते? आणि तिनं मनाशी जे ठरवलं ते असं होतं: ब्रुनाच्या हातात द्यायच्या क्षणाला, एप्रनच्या आड, आपणच मान मोडायची. मान मोडलेली कोंबडी लगेच पडत नाही. ती पंख झापडते, पाय झाडते, थोडा वेळ जिवंत कोंबडीपेक्षाही जास्त धडपडते. बघणाऱ्याला वाटणार, बाईच्या हातात फडफडली आणि गेली. आणि तू मारलीस का, असं कोण विचारणार? सगळ्यांच्या डोळ्यांसमोर झालेलं कुणी विचारतं होय? गावानं इतकी वर्षं ब्रुनाला काही विचारलं नव्हतं, त्यामुळं साउरीना विसरूनच गेली होती की बाहेरची माणसं सहजसुद्धा काही विचारतात.

रविवारी अख्खं गाव अंगणात उभं होतं. फाब्रिसाला पहिली बोलावलं. तिनं डोळे मिटले, कोंबडी उलटी धरली, आणि इतकं वेडंवाकडं केलं की कोंबडी अर्धमेली सुटून लोकांच्या पायांतून पळाली. कुणालाही हसू आलं नाही. शेवटी पकडून आणून तिनं ते एकदाचं केलं आणि भिंतीशी जाऊन ओकली. बाकीच्यांनीही केलं. चौकशीवाला प्रत्येकीला मान हलवून बाजूला व्हायला सांगत होता.

ब्रुना लंगडत पुढं आली. साउरीना टोपलीतून कोंबडी काढून तिच्याकडं गेली, एप्रनखाली धरून. आम्ही जवळ उभे होतो तरी आम्हाला दिसलं नाही, इतका तो हात तयार होता. पुढच्या क्षणाला ब्रुनाच्या दोन्ही हातांत कोंबडी जीव खाऊन पंख झापडत होती. ब्रुनानं तिला घट्ट छातीशी धरलं. तिला वाटलं असेल की बिचारी घाबरलीय. पिसं उडाली, पाय झाडले गेले, आणि मग मान एका बाजूला लोंबली. ब्रुनानं ती मान बोटांनी चाचपली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

चौकशीवाल्याचा चेहरा मात्र एकदम सैल झाला. मला वाटतं, त्यालाही बरं वाटलं. म्हातारी, लंगडी बाई, तिला जाळायची हौस त्याला नसावी. लिहिणाऱ्याला त्यानं खूण केली, आणि ब्रुनाला, कुणी आजीला म्हणावं तसं म्हणाला, "छान. ह्या सगळ्यांत तुझाच हात सफाईदार. कुठं शिकलीस, बाई?"

चांगुलपणानं विचारलं हो त्यानं. त्याचंच तर वाईट वाटतं.

साउरीना मधेच बोलली, "मीच शिकवलं, पाद्रीबाबा, तिला बोलायचं कळत नाही, गुडघे दुखतात तिचे, जाऊ द्या तिला."

"मी शिकले नाही," ब्रुना म्हणाली. "मी मारलीही नाही. माझ्या हातात आली तेव्हा तिची मान मोडलेली होती."

साउरीनानं आपल्या तोंडावर हात दाबून धरला होता, जणू ते शब्द तिच्याच तोंडातून निसटले होते.

पुढचं काही लपून राहण्यासारखं नव्हतं. चौकशीवाल्यानं विचारलं, तू भली बाई आहेस? ती हो म्हणाली. किती वर्षं? तिनं सांगितलं. तुला कुणी केलं? ते मी सांगणार नाही, म्हणाली. खोटं बोलायचं नव्हतं, गप्प बसायला मनाई नव्हती. मग तो साउरीनाकडं वळला, आणि आता त्याचा आवाज गोड राहिला नव्हता. पाखंडी बाईला वाचवायला कोर्टासमोर सोंग केलं, म्हणजे हीही त्यांच्यातलीच. शिपाई तिच्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले.

साउरीना काय वाटेल ते बोलू लागली. शपथा घेतल्या, येशूच्या, मरियेच्या, गावच्या सगळ्या संतांच्या. बहीण वेडी आहे, म्हातारपणानं भ्रमिष्ट झालीय, तिचं काही खरं धरू नका. तिला कसंही करून ब्रुनाला मागं खेचायचं होतं, आणि ब्रुना एक एक वाक्यानं पुढं जात होती.

"मी भ्रमिष्ट नाही," ब्रुना म्हणाली. मग चौकशीवाल्याकडं बघून, "पण ती आमच्यातली नाही. तुम्ही नेहमी विचारता ते विचारा की. नमस्काराचं."

तो नमस्कार म्हणजे, भली बाई समोर आली की मानणाऱ्यानं तीनदा गुडघ्यावर वाकायचं आणि आशीर्वाद मागायचा. एवढं ज्यानं एकदा जरी केलं तो त्यांचा. चौकशीत पहिला प्रश्न तोच असायचा, आणि त्यावरच माणसं तुरुंगात जायची.

"केला तिनं कधी नमस्कार?" त्यानं विचारलं.

"एकाच घरात इतकी वर्षं राहिली, पण एकदासुद्धा नाही. तिला हसू यायचं. तिनं मला कधी नमस्कार केला नाही, आणि करणारही नाही. ह्या पंथाला तिनं कधी मानलं नाही, आणि मानणारही नाही. ही तुमची आहे, मला लाज वाटते इतकी तुमची आहे."

"ह्यांचं एवढं खरं असतं," चौकशीवाला लिहिणाऱ्याला म्हणाला, "हे खोटं बोलत नाहीत." ब्रुना ज्या तोंडानं स्वतः बुडाली त्याच तोंडाचा शब्द मानून त्यानं साउरीनाला सोडलं. बहिणीच्या मायेनं सोंग केलं म्हणून शिक्षा झाली ती कपड्यांवर, पुढं एक आणि मागं एक, पिवळे क्रूस शिवून जन्मभर वावरायचं.

ब्रुनाला नदीकाठच्या कुरणात नेलं. वाट साउरीनाच्या समोरून जात होती. गावातल्या कितीतरी जणांनी मान खाली घातली, आणि माझेही गुडघे वाकायला बघत होते, पण शिपाई बघत होते. चौकशीवाला साउरीनावरच नजर लावून होता, ती वाकते का ते बघत. ब्रुना तिच्यापाशी आली तेव्हा थबकली. साउरीनानं भिंतीचा दगड मुठीत धरला आणि ताठ उभी राहिली. "ताई," एवढंच म्हणाली. ब्रुना पुढं गेली. त्या दुपारी वारा नव्हता, त्यामुळं धूर गावावरच बसून राहिला.

लोक तेव्हा काय म्हणाले ते ऐकलं असतंत. बहिणीला जाळायला नेलं आणि हिनं साधी मान लववली नाही. हिच्यामुळंच तर सगळं झालं. पिवळ्या क्रूसवाल्या बाईकडं कोंबड्याही कुणी नेईना. ब्रुनाचा माग तिनं विकला नाही, पण त्यावर बसलीही नाही.

आता जे सांगतोय ते फाब्रिसाला आणि मला, दोघांनाच ठाऊक आहे. साउरीना बदलली. चरबीचं भांडं तिनं घासून उलटं घातलं ते परत सुलटं केलं नाही. कोबी नि तेल खायची. डोंगरातून कुणी भला माणूस रात्रीच्या वस्तीला आला, की उपदेशाला दारामागं उभी राहायची, आणि आता जांभया देत नव्हती. एकदा फाब्रिसानं विचारलं, तेव्हा म्हणाली, "खरंच असणार ते. नाहीतर ब्रुना कशाला गेली असती?" पण तो माणूस समोर आला, सगळे वाकले, की ही मागल्या दारानं निघून जायची. कुणालाच कळायचं नाही असं का.

ती शेवटच्या दुखण्यात पडली तेव्हा आम्ही मोठ्या जोखमीनं एका भल्या माणसाला खिंडीपलीकडून आणलं. शिपाई नव्हते, चौकशीवाला तर केव्हाच मेलेला. बाहेर माझा भाऊ पहाऱ्याला होता. तो माणूस खाटेपाशी बसून म्हणाला, "बाई, उठता येत नसेल तर नुसती मान तीनदा लववा आणि आशीर्वाद मागा. मग मी डोक्यावर हात ठेवतो, म्हणजे तुमचा जीव सुटला, बहिणीपाशी पोचला."

साउरीनानं त्याच्याकडं बघितलं. तिला ते हवं होतं. तिच्या डोळ्यांत दिसत होतं की तिला दुसरं काहीच नको होतं. "नाही," ती म्हणाली.

"अगं, मानतेस ना तू?" फाब्रिसा तिच्या कानाशी वाकून रडकुंडीला आली होती. "मला ठाऊक आहे तू मानतेस. आता कुणाची भीती आहे?"

"भीती नाही गं. ती म्हणाली होती, करणार नाही, मानणारही नाही." तिला बोलायला दम पुरत नव्हता. "सगळ्यांसमोर म्हणाली होती. मी आता वाकले, तर ती खोटं बोलली असं होईल. खोटं बोलली म्हणजे तिचं सगळं गेलं."

भल्या माणसानं तिला समजावलं, की असं धरायचं नसतं, बहिणीनं तेव्हा जे खरं तेच सांगितलं, त्यात दोष नाही. फार चांगलं समजावलं त्यानं. साउरीनानं सगळं ऐकून घेतलं, आणि मग उशीवरची मान भिंतीकडं वळवून ताठ धरली. उजाडेपर्यंत ती तशीच होती, आणि तशीच गेली.